घाट उतरला की काटा शून्यावर : पी-०५०० चं एक प्रकरण

गाडी पर्यटक परवान्यावरची होती. सात आसनी, डिझेल, २०१६ सालची, पिवळ्या नंबरप्लेटची. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती साताऱ्यात माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या वेगाच्या सेन्सरवर दोनदा खर्च होऊन गेला होता. पहिला सेन्सर बदलल्यावर गाडी तीन दिवस नीट चालली आणि चेक लाइट पुन्हा पेटला. दुसरा बदलल्यावर आठवडा गेला, मग तेच. तिसऱ्या खेपेला आधीच्या वर्कशॉपने अख्खा मीटर बदलायला सांगितलं. तो आकडा ऐकून मालक गाडी घेऊन इकडे आले. दहा दिवसांवर पासिंग होतं.

मालक तिशीतले, चालक पन्नाशीचे. मालक त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. मामा गाडीजवळ उभे राहिले, आत आले नाहीत. मालकांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "दादा, एक खरं सांगा. हा प्लग कोणी हाताने काढून परत लावू शकतं का?"

प्रश्नामागचा अर्थ लगेच कळला. भाड्याच्या धंद्यात मीटर बंद करून गाडी पळवणं ही जुनी गोष्ट आहे. पूर्वी केबलचा मीटर असायचा, तेव्हा केबल सोडायचे. आता सेन्सरचा प्लग काढतात. किलोमीटर पडत नाहीत आणि मधली भाडी खिशात जातात. या गाडीचा हिशोब मालकांनी मांडून आणला होता. सातारा ते मुंबई आणि परत म्हणजे पाचशेच्या वर किलोमीटर. मीटरवर पडले साडेतीनशेच्या आसपास. डिझेल मात्र पाचशेचं गेलेलं. असं चार वेळा झालं होतं. दर वेळी मुंबईच्या भाड्याला, कधीच महाबळेश्वरला किंवा पंढरपूरला नाही. शेवटच्या महिन्यात मालकांनी मामांच्या पगारातले पैसे धरून ठेवले होते.

म्हणजे काम दुहेरी होतं. चेक लाइट पेटवणारा बिघाडाचा कोड घालवायचा होता आणि त्याचं कारण पुराव्यानिशी दाखवायचं होतं. कारण सापडलं नसतं, तर त्या माणसावरचा डाग पुसला गेला नसता.

स्कॅनर लावला. कोड एकच, पी-०५००. याचा साधा अर्थ असा, की इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, गाडीचा वेग कळत नाही. सेन्सर बिघडला असं हा कोड म्हणत नाही. ईसीयू आपलं डोकं लावतो. इंजिनचे फेरे चढे आहेत, भार आहे, म्हणजे गाडी रस्त्यावर धावत असणार, तरी वेगाच्या तारेवर काही सेकंद एकही ठोका आला नाही, तर तो कोड नोंदवतो. ठोका कुठे अडला हे त्याला माहीत नसतं. सेन्सर, त्याचा पुरवठा, त्याची अर्थिंगची तार (आमच्या भाषेत अर्थ), मधली तार, त्या तारेवरचे बाकीचे भागीदार, शेवटी ईसीयूची स्वतःची पिन, यांपैकी काहीही असू शकतं. पी-०५०१, ०५०२ आणि ०५०३ ही त्याची भावंडं. माहिती येते पण पटत नाही, सिग्नल फार कमी आहे, सिग्नल तुटक किंवा भरकटलेला आहे, अशा त्यांच्या तक्रारी असतात. इथे ती भावंडं नव्हती. वेग सरळ शून्य.

कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड पुसायच्या आधी ती लिहून घ्यावी. खूप जण आधी कोड पुसतात आणि हातातला एकमेव साक्षीदार घालवतात. नोंद अशी होती : फेरे २,३५०, भार ७१ टक्के, कूलंट ८८ अंश, वेग ०. इंजिन तापलेलं, गाडी जोर लावून पळत होती आणि वेग नाही.

हे मॉडेल बिना एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेशिवायचं होतं, त्यामुळे रस्ता सरळ होता. ज्या गाडीत एबीएस असतं, तिथे वेग बहुतेक वेळा चाकांजवळच्या सेन्सरांवरून एबीएसचा डबा काढतो आणि कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या डब्यांना आपसांत जोडणाऱ्या, दोन पिळलेल्या तारांवरून सगळ्यांना वाटतो. तिथे वेग हरवला, तर आधी एबीएसचे कोड आणि यू अक्षराने सुरू होणारे संपर्क तुटल्याचे कोड वाचावे लागतात. बॅटरी सोडून कॅनच्या दोन तारांमधला रोध साठ ओहमच्या आसपास आहे का, हेही बघावं लागतं. या गाडीत तसं काही नव्हतं. गिअरबॉक्सच्या शेपटाकडे एक सेन्सर, तीन तारा, बस.

या तीन तारांचं काम नीट समजलं की निम्मं निदान होतं. एकीवर बारा व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. सेन्सर हॉलच्या जातीचा, म्हणजे चुंबकाच्या जोरावर फेरे ओळखणारा. तो स्वतः व्होल्टेज पाठवत नाही. सिग्नलची तार मीटर आणि ईसीयू यांच्या बाजूने पाच व्होल्टला वर ओढून धरलेली असते. गिअरबॉक्सचा शाफ्ट, म्हणजे दांडा, फिरतो तसा सेन्सर ती तार अर्थला टेकवतो, सोडतो, टेकवतो, सोडतो. पाच, शून्य, पाच, शून्य. हेच ते ठोके. सेकंदाला किती ठोके पडले, त्यावरून वेग निघतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. त्या तारेवर कुठेही, कोणीही, तिला अर्थकडे ओढून ठेवलं, तर सेन्सर कितीही चांगला असला तरी पाच व्होल्ट तयारच होत नाहीत आणि ठोका मरतो. मीटरही मेला, ईसीयूही आंधळा झाला. दोन्ही एकदम जातात तेव्हा संशय सामाईक वाटेवर जायला हवा.

तरीही सेन्सरपासूनच सुरुवात केली, कारण दोनदा बदललेला भाग तपासायलाच हवा. गाडी मागून दोन्ही बाजूंनी उचलून स्टँडवर घेतली, न्यूट्रलला टाकली. एकच चाक उचलून फिरवलं तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरमुळे, गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रॉपेलर शाफ्ट निम्म्याच फेऱ्यांनी फिरतो आणि माणूस फसतो. म्हणून हाताने शाफ्टच फिरवला. मल्टिमीटरवर ४.९, ०.१, ४.९, ०.१. पुरवठा १२.४. अर्थच्या तारेत उतरणारं व्होल्टेज ०.०३. सगळं जिथल्या तिथे. मालकांनी पिशवीतून काढलेले दोन्ही सेन्सर, मूळचा आणि पहिल्यांदा बदललेला, टेबलावर बारा व्होल्ट आणि एका एलईडीला रोध जोडून बघितले. दोन्ही लुकलुकत होते. इथे साधा टेस्ट लॅम्प लावू नये. त्या बल्बला लागणारा करंट सेन्सरच्या आतल्या ट्रान्झिस्टरला झेपत नाही आणि चांगला सेन्सर तपासणीतच मरतो.

मग सकाळी सातला मामांना घेऊन रस्त्यावर चाचणी केली. वाढे फाट्यावरून पुढे पाचवडपर्यंत आणि परत. लॅपटॉपवर लाइव्ह डेटा, मोबाइलवर जीपीएस. काचा खाली, हवा छान. चाळीस मिनिटांत काटा एकदाही पडला नाही.

येताना मामांना विचारलं, "नेमकं कुठं बंद पडतं?"

"घाट उतरला की. खोपोलीच्या खाली. पनवेल आलं की शून्यच," ते म्हणाले. "येताना लोणावळ्याच्या वर आलं की कधी सुरू हुतं, कधी न्हाई. मी हात लावला न्हाई वो कशाला."

घाट म्हटल्यावर माझं डोकं एका बाजूला गेलं. लांब उतार, इंजिनवर गाडी धरलेली, गिअरबॉक्स तापलेला, वायरिंग ताणलं जात असेल, एखादी तार आतून तुटलेली असेल. अर्धा दिवस मी गिअरबॉक्सवरचं वायरिंग हलवण्यात, वाकवण्यात, हीट गनने तापवण्यात घालवला. सिग्नल एकदाही तुटला नाही. संध्याकाळी मालकांचा फोन आला आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. "म्हणजे माझं खरं असणार," ते म्हणाले. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

माझी चूक साधी होती. घाटाचं कारण खरं असतं तर महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या घाटात किंवा मेढ्याकडच्या केळघरच्या घाटात कधीतरी तेच व्हायला हवं होतं. ते घाट काही सोपे नाहीत. मामा तिकडे महिन्यातून आठ-दहा वेळा जातात. तिथे कधीच नाही. मग बोरघाटाखाली असं काय आहे?

दुसऱ्या दिवशी मामांना त्यांची वही आणायला सांगितली. भाड्याची वही प्रत्येक जुना चालक ठेवतो. तारीख, कुठून कुठे, टोल, डिझेल, आणि एक रकाना, एसी की बिगर-एसी, कारण दर वेगळा लागतो. टेबलावर वही उघडून मी काटा मेल्याच्या चार तारखांवर पेन्सिलने खुणा केल्या. चारही एसी. मग उरलेली भाडी बघितली. महाबळेश्वर बिगर-एसी, पंढरपूर बिगर-एसी, कऱ्हाडचं लग्न बिगर-एसी. पुण्याची दोन भाडी एसीची होती आणि त्यात काही झालं नव्हतं, पण ती तीन-साडेतीन तासांतच आटोपली होती आणि पुण्याची हवा कोरडी. पनवेल-मुंबईची मे महिन्यातली हवा म्हणजे अंगाला चिकटणारी. एसीच्या कॉइलवर त्या हवेतलं पाणी धो-धो सुटतं. घाट उतरला की रस्ता बदलत नव्हता, हवा बदलत होती.

त्या पाण्याला बाहेर जायला एक नळी असते. आपल्याकडच्या उजव्या हाताच्या गाडीत ब्लोअर आणि कॉइल बहुतेक डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. नळी तिथून खाली उतरून गाडीबाहेर ठिबकते. उन्हाळ्यात एसीची गाडी दहा मिनिटं उभी राहिली की खाली ओल दिसते, ती हीच.

गाडी कोब्यावर उभी केली, एसी पूर्ण, हवा आतली न फिरवता बाहेरची घेतली म्हणजे ओलावा जास्त येईल. सेन्सरचा प्लग काढला आणि सिग्नलच्या तारेला ईसीयूच्या कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडायच्या प्लगमध्ये, मागून बारीक पिन लावून मल्टिमीटर सीटवर ठेवला. प्लग का काढला, तर शाफ्ट कुठल्या दातावर थांबलाय त्यानुसार सेन्सर तारेला खाली धरून ठेवू शकतो आणि वाचन गोंधळात टाकतं. सेन्सर बाजूला असताना तार फक्त वर ओढलेली राहते. ती खाली आली, तर दुसरं कोणीतरी तिला ओढतंय.

सुरुवातीला ४.९ व्होल्ट. वीस मिनिटांनी ४.९. मी खाली वाकून बघितलं, कोबा कोरडा. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं, कोरडा. एसी गार हवा फेकत होता आणि गाडीखाली एक थेंब नव्हता. डावीकडचं रबरी मॅट उचललं तर खालचा गालिचा भिजलेला. मालक म्हणाले, प्रवाशांच्या बाटल्या सांडत असतील. पन्नासाव्या मिनिटाला ४.१. एक तास वीस मिनिटांनी ०.८.

०.८ व्होल्टला ईसीयू पाच मानत नाही. तार कायम खाली टेकलेली आहे असंच त्याला दिसतं. मामा त्या वेळी रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत होते. मालक माझ्या शेजारी बसून मल्टिमीटरकडे बघत होते.

आता त्या तारेवर कोण कोण बसलंय ते एकेक करून सोडायचं. मीटरचा कपलर हाताशी होता म्हणून तो आधी काढला, वाचनात काही फरक नाही. म्हणजे जो खर्च व्हायला निघाला होता तो भाग सुटला. कंपनीच्या आकृतीत त्या तारेवर यापुढे फक्त ईसीयू होता. पण ही भाड्याची गाडी, आणि भाड्याच्या गाडीत कंपनीच्या आकृतीबाहेरचा एक भागीदार असतो, वेग नियंत्रक, म्हणजे आपला स्पीड गव्हर्नर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११८व्या नियमाखाली परवान्याच्या बऱ्याच गाड्यांना तो बसवलेला असतो, ताशी ८० किलोमीटरला बांधलेला. डबा दोन ठिकाणी हात घालतो. ॲक्सिलरेटरच्या पेडलचे सिग्नल स्वतःमधून जाऊ देतो, आणि वेग ओळखायला वेगाच्या तारेला फांदी काढतो. ऐंशीच्या जवळ आलं की ईसीयूला पेडल कमी दाबल्याचं सांगतो. ही फांदी कुठे काढायची आणि डबा कुठे बसवायचा, हे बसवणाऱ्याच्या सोयीवर राहतं. या गाडीत सोय पाहिली होती ती ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, बरोबर ब्लोअरच्या खाली.

ग्लोव्ह बॉक्स काढला. डब्याचा कपलर तोंड वर करून बसवलेला, त्यावर थेंब टपकत होते. तारांचे जोड सोलून पिळलेले, वर काळी टेप, टेप सुटून चिकट झालेली. कपलर काढला आणि मल्टिमीटर ४.९ वर गेला. परत लावला, ०.८. परत काढला, ४.९. मी मालकांच्या हातात कपलर दिला आणि तिसऱ्यांदा त्यांच्याकडूनच काढवून घेतला. इंजिन आधीच बंद केलं होतं, फक्त चावी ऑन. डबा सोडला की पेडलही मरतं, त्यामुळे हे चालत्या गाडीत करायचं काम नाही.

आतल्या पिनांवर हिरवी बुरशी चढली होती. तांब्याला पाणी आणि करंट दोन्ही मिळाले की असं होतं. बॅटरी सोडून कपलरमधल्या सिग्नलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेपर्यंत रोध मोजला, तर दोन हजार ओहमच्या आसपास. कोरड्या कपलरमध्ये तिथे मोजण्यासारखं काही सापडायला नको. वर ओढणारा रोध दहा हजार धरला, तर पाच व्होल्टमधले खाली राहतात ०.८ च्या आसपास. गणित आणि मल्टिमीटर एकच सांगत होते. एसी बंद झाल्यावर, रात्रभर उभी राहिल्यावर किंवा वरच्या कोरड्या हवेत आल्यावर ते हळूहळू सुकत होतं आणि काटा आपोआप उठत होता. नव्या सेन्सरांवर गाडी तीन दिवस आणि आठवडा का चालली, याचंही उत्तर वहीत होतं. त्या दिवसांत एसीचं भाडं लागलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथेच बघून घेतली. पेडलच्या दोन सिग्नलांचा मेळ बसला नाही तर पी-२१३८ येतो. तो आला नव्हता, म्हणजे पाणी अजून पेडलच्या पिनांपर्यंत पोचलं नव्हतं. कपलरच्या एका टोकाला वेग आणि अर्थ, दुसऱ्या टोकाला पेडल. पावसाळा दोन आठवड्यांवर होता. पेडलच्या पिना भिजल्या असत्या तर एक्सप्रेस वेवर, मधल्या लेनमध्ये, गाडीची ओढ अचानक गेली असती. हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं आणि आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

दुरुस्ती तुलनेने छोटी. एसीची नळी खालून मोकळी केली. हवेचा दाब हलकाच ठेवला, जोरात मारला तर नळी वरून सुटते. धूळ आणि कुजलेल्या पानांचा गोळा बाहेर आला, मागोमाग अर्धा लिटरभर पाणी. गव्हर्नरला मात्र आम्ही हात लावला नाही. तो सीलबंद असतो आणि त्याचं प्रमाणपत्र पासिंगला दाखवावं लागतं. अधिकृत बसवणाऱ्याला बोलावलं. त्याने नवा कपलर घातला, डबा वरच्या कोरड्या जागी, कपलरचं तोंड खाली करून बसवला, जोड झाळून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि पुन्हा सील केलं. तारांना कपलरआधी खाली एक झोळ द्यायला मी सांगितलं, म्हणजे पाणी तारेवरून आलंच तर झोळाच्या तळाशी ठिबकेल, कपलरमध्ये शिरणार नाही.

कोड पुसून पुन्हा तासभर एसी, ४.९ कायम. मग रस्त्यावर दीड तास, एसी चालू. मीटरवर ६० तेव्हा जीपीएसवर ५७, ईसीयूच्या लाइव्ह डेटामध्ये ५७. मीटर थोडा पुढे दाखवतो ते ठीक आहे, मागे दाखवायला नको.

बिल करताना मी चार तारखांच्या खुणा केलेलं वहीचं पान, सिग्नलच्या वाचनांचा कागद आणि हिरवट पिनांचे फोटो एकत्र लावून दिले. बिलावर कारण पूर्ण वाक्यात लिहिलं : एसीचं पाणी वेग नियंत्रकाच्या कपलरमध्ये गेल्याने सिग्नल बंद, सेन्सरचा प्लग छेडल्याने नव्हे. शेवटचे शब्द मालकांनी दोनदा वाचले. मामा टपरीवरून आले, तेव्हा मालकांनी गाडीची चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मामा, धरलेले पैसे उद्या देतो. चुकलं माझं." मामा काही बोलले नाहीत. ग्लोव्ह बॉक्स नीट बसलाय का, ते हाताने दाबून बघत राहिले.

पासिंग वेळेत झालं. जुने दोन्ही चांगले सेन्सर मी कागदात गुंडाळून, वर "तपासले, चालू" असं लिहून गाडीतच ठेवायला दिले. पुढच्या आठवड्यात दादरहून मामांचा फोन आला. भाडं एसीचं होतं, गाडी उभी करून पंधरा मिनिटं झाली होती.

"दादा, मीटरवर दोनशे छप्पन्न पडलेत," ते म्हणाले, "आन् गाडीखाली पानी पडतंय बगा."